पालथा हात

रहेमान पिंजाऱ्याला मी नापास केलं. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कोणाला असं वाटायला नको की ही सरकारची नाहीतर कुठल्या साहेबाची तक्रार चालू आहे. साहेब मीच होतो. कागदावर सही माझी आहे, आणि सही करताना माझं डोकं अगदी ठिकाणावर होतं.

मी एकतीस वर्षं आयटीआयत निदेशक होतो, इलेक्ट्रिशियन ट्रेडला. निदेशक म्हणजे शिकवणारा मास्तरच, पण सरकारला साधा शब्द चालत नाही. घर माझं आर्णीत. आर्णीत मला लोक दोन गोष्टींनी ओळखतात. एक माझा राग, आणि दुसरं म्हणजे मी जन्मात कोणाला अर्धा मार्क वाढवून दिला नाही. सख्ख्या साळ्याच्या मुलाला मी प्रॅक्टिकलला नापास केलं होतं. तेव्हा रत्नप्रभा, म्हणजे आमची सौभाग्यवती, आठ दिवस माझ्याशी बोलली नव्हती. मला त्याचा अभिमान होता. चारचौघांत मीच तो किस्सा काढून सांगायचो.

तर रहेमान. कागदावर मन्सुरी, लोकांच्या तोंडी पिंजारी. मूळचा बोरी अरबचा, दारव्हा तालुक्यातला. बाप पिंजारी. खांद्यावर धनुकली टाकून गावोगाव फिरायचा, लोकांच्या गाद्या-रजया उसवायचा, कापूस पिंजून पुन्हा भरून द्यायचा. रहेमान चौदा-पंधरा वर्षांचा असताना गावात पिंजायचं मशीन आलं. बापाला जेवढा कापूस पिंजायला दिवस लागायचा, तेवढा मशीन तासाभरात उडवून मोकळं. चुलत्यानं बापाला म्हटलं, मशीनवर बस, शिकून घे. बाप म्हणाला, मी त्याले हात लावणार नाही. आणि खरंच नाही लावला. धनुकली खुंटीला टांगली आणि तो मरेपर्यंत ओट्यावर बसून राहिला. बारा वर्षं.

"सर, अब्बा बसून गेले," रहेमान मला कितीदा तरी सांगायचा. "काम बदललं अन् ते नाही बदलले. मी तसा बसणार नाही, पाह्यजा तुम्ही."

चुलत्याच्या मशीनवर तो स्वतः बसला. एक दिवस मशीनची मोटार जळाली. ती घेऊन हा यवतमाळला गेला आणि मोटार भरणाऱ्याच्या दुकानात दोन दिवस नुसता बसून पाहत राहिला. जळालेली तार काढून नवी तांब्याची तार गुंडाळायची, खाचांमध्ये कागद घालून ती बसवायची, वर वार्निश पाजायचं, त्याला मोटार भरणं म्हणतात. परत येताना त्यानं ठरवून टाकलं की आपण हेच करायचं. एवढंच काय ते त्याचं करिअर मार्गदर्शन. पाच-सहा वर्षं इकडेतिकडे हाताखाली काम केलं, जोहराबीशी लग्न झालं, आणि शहाण्णव साली त्यानं आर्णीत बस स्टँडच्या मागे पत्र्याचं दुकान टाकलं. वय बावीस.

माझी त्याची ओळख त्याच वर्षीची. आमच्या विहिरीवरची मोटार जळाली म्हणून मी त्याच्याकडे टाकली होती. संध्याकाळी पाहायला गेलो, तर हा गडी मोटार भरून, जोडून, तिच्या अंगात करंट येतो का ते पाहायला सरळ तळहात लावतो आहे. माझ्या डोळ्यांदेखत चिकटला. मी वायर ओढून काढली म्हणून वाचला. खाली बसून थरथरत होता, आणि मी उभा राहून त्याला शिव्या देत होतो. मला घाबरलो की शिव्याच सुचतात.

"गाढवा, तळहात लावते का कोणी? झटका बसला की मूठ आवळते, अन् मूठ आवळली की संपला माणूस. लावायचाच असला तर पालथा हात लाव. बोटं आवळली तरी हात आपोआप मागं येते."

मी त्याचा हात धरला, पालथा केला आणि मोटारीच्या अंगाला लावला. एकदा, दोनदा, तीनदा. नवी अक्षरं गिरवून घेतात ना, तसं गिरवून घेतलं. आयटीआयत मी हे कधीच शिकवलं नसतं. तिथं टेस्टर आणि मीटर, आणि जो हात लावेल त्याला वर्गाबाहेर. पण दुकानात काम करणारे लोक पालथा हातच लावतात, आणि मलाही माझ्या काळातल्या एका म्हाताऱ्या वायरमननं तेच शिकवलं होतं. घरी येऊन जेवताना मी रत्नप्रभेला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, आज एका पोराचा जीव वाचवला आणि वर विद्याही दिली.

त्यानंतर मी ड्यूटीवरून आलो की त्याच्या दुकानात जाऊन बसू लागलो. तीन-चार वर्षं तरी हा क्रम चालला. पाटीवर त्याला व्होल्टेज-करंटची गणितं शिकवली. तीन फेज काय असतात, स्टार्टर आतून कसा चालतो, कोणत्या मोटारीला किती जाडीची तार, सगळं. तो आठवी पास, पण डोकं असं की एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा विचारायचं काम नाही. तारेचे वेढे मोजायला जोहराबीनं त्याला जुन्या काचेच्या मण्यांची माळ ओवून दिली होती. दहा वेढे झाले की एक मणी सरकवायचा. गिऱ्हाईक बोलत असलं तरी त्याचा मणी चुकायचा नाही. जोहराबी बाजूला बसून खाचांचे कागद कापायची आणि मला चहा करून द्यायची. "भाईसाब, शक्कर कम है क्या?" एवढंच तिचं माझ्याशी बोलणं. आयटीआयतली अर्धी पोरं हजेरीपुरती यायची. इथं एक माणूस मन लावून शिकत होता आणि प्रत्येक वाक्याला सर म्हणत होता. खरं सांगायचं तर मला त्याची चटक लागली होती.

पुढची वीस वर्षं त्यानं आर्णी तालुक्याच्या मोटारी भरल्या. हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस आले की व्होल्टेज पडायचं, मोटारी जळायच्या, आणि दुकानासमोर मोटारसायकलला मोटारी बांधून लोक रांगेत उभे राहायचे. कोणी विचारलं, काम कुठं शिकला रे, की हा ताठ होऊन सांगायचा, "श्रीकृष्ण सरांपाशी." मी जवळ असलो की अजून जोरात सांगायचा.

मग शेतांत सोलर पंप आले. आधी एखाद-दुसरा, पाहायला लोक जात. नंतर ज्या शेतात पाहावं तिथं निळे पॅनल. उन्हावर पंप चालतो, वायरमनची वाट पाहणं नाही, व्होल्टेजचं रडगाणं नाही, आणि बिघडला तर कंपनीचा माणूस येतो. लोकांचं भलंच झालं, मी नाही म्हणत नाही. पण रहेमानच्या दुकानासमोरची रांग गेली. दिवसभरात एखादा कूलर, नाहीतर पंखा. मण्यांची माळ खिळ्याला लटकून राहू लागली.

मला वाटलं होतं, आता हा नशिबाला दोष देत बसेल. नाही बसला. बावीस सालच्या डिसेंबरात माझ्या घरी आला, हातात एक छापील कागद. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एक खाजगी प्रशिक्षण केंद्र निघालं होतं. ज्यांच्या हातात आधीच कला आहे पण कागद नाही, अशांसाठी दहा दिवसांचा सोलर पंप दुरुस्तीचा वर्ग, मग परीक्षा, आणि पास झाला की प्रमाणपत्र. पंपाच्या कंपनीला आर्णी तालुक्यासाठी एक प्रमाणपत्रवाला माणूस हवा होता. एकच.

"सर, एकोणपन्नास चालू आहे मले. या वयात शाळेत जाऊ काय?" तो विचारत होता, पण जायचं त्यानं ठरवलेलं होतं. डोळ्यांत दिसत होतं.

"काहून नाही जायचं? जा," मी म्हटलं. "मोटार तुला येतेच. वरचं काय ते शिकून घे."

"हे नाही झालं तर मंग बोरीले जाऊन ओट्यावर बसायचं, अब्बासारखं," तो हसून म्हणाला. मग माझ्या टेबलावरच त्यानं फॉर्म भरला. त्यात एक रकाना होता, 'काम कोणाकडून शिकलात'. तिथं त्यानं मला न विचारता, ठसठशीत अक्षरांत लिहिलं: श्रीकृष्ण सर, आयटीआय, आर्णी. आर्णीत मी फक्त राहतो, नोकरी दुसरीकडे होती, पण मी दुरुस्त केलं नाही. बरं वाटलं मला.

आता माझी करणी सांगतो.

जानेवारीत मला त्या केंद्राच्या अनघा मॅडमचा फोन आला. वर्गाची सगळी व्यवस्था पाहणारी ही पंचवीस-सव्वीसची पोरगी, बोलायला फार नेमकी. त्यांना बाहेरचा परीक्षक हवा होता आणि कोणीतरी माझं नाव सुचवलं होतं. मला रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती. दोन वर्षांत मला कोणी कशाला बोलावलं नव्हतं. ज्या माणसाच्या येण्यानं वर्ग उभा राहायचा, तो सकाळी दुधाची पिशवी आणत होता आणि दुपारी बायकोच्या मालिका पाहत होता. मी लगेच हो म्हटलं.

आठ दिवसांनी तिचा पुन्हा फोन. "सर, एक विचारायचं होतं. रहेमान मन्सुरी म्हणून एक उमेदवार आहेत. काम कोणाकडून शिकलात, तिथे त्यांनी तुमचं नाव लिहिलंय. तुम्ही त्यांना शिकवलंय का? तसं असेल तर नियमाप्रमाणे मला दुसरा परीक्षक बघावा लागेल."

माझ्या डोळ्यांसमोर ती खुर्ची आली. गळ्यात अडकवायचं ते परीक्षकाचं ओळखपत्र आलं. मी म्हणालो, "अहो, आर्णीत पुष्कळ लोक माझं नाव सांगतात. दुकानात येणं-जाणं आहे, एखादी गोष्ट सांगितली असेल कधी. शिकवलं वगैरे काही नाही."

"मग मी तिथे 'वडिलोपार्जित' असं लिहून घेते, चालेल?"

"लिहा," मी म्हणालो.

वडिलोपार्जित. ज्याच्या बापानं मोटारीला कधी बोट लावलं नाही, त्याच्या फॉर्मवर. आणि स्वतःची समजूत मी अशी घातली की मी परीक्षक असलो म्हणून काही रहेमानचा फायदा करणार नाही, मग बिघडलं काय? माझा निष्पक्षपणा सगळ्या तालुक्याला माहीत आहे. माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवू शकतो.

वर्ग फेब्रुवारीत सुरू झाला. रहेमान सकाळच्या एसटीनं यवतमाळला जायचा, तिथून ऑटोनं लोहाऱ्याला, आणि संध्याकाळी परत. वही केली होती त्यानं, शाळेतल्या पोरासारखी, समासाची रेघ मारून. आठव्या दिवशी संध्याकाळी मी दुकानात गेलो. त्यानं कुठून तरी एक जुना कंट्रोलर आणला होता. पॅनल आणि पंपाच्या मधली ती पेटी, तिच्यावर त्याचा सराव चालू होता. मला पाहून खूश झाला, पेटी उघडायला पुढे सरकला, आणि उघडण्याआधी त्याचा उजवा हात पुढे आला. पालथा. चार बोटांची मागची बाजू पेटीला टेकवली, काही नाही म्हणून समाधान झालं, मग पेचकस लावला. त्याचं त्याला कळलंही नाही.

साध्या लाइनवर ही सवय चालून जाते, मेन स्विच पाडला की लाइन मेली. पण पॅनलवर ऊन पडलेलं असलं की तार जिवंत असतेच. सूर्याला मेन स्विच नाही. आणि व्होल्टेज घरातल्याच्या दुप्पट. तिथं तळहात काय आणि पालथा काय, हात लावायचाच नसतो. केंद्रात त्यांनी हे शिकवलं होतं. त्याच्या वहीत दोनदा रेघ मारून लिहिलेलं मी वाचलं: आधी हातमोजे, मग मीटर, मग हात. पण वही तिकडे आणि सत्तावीस वर्षांचा हात इकडे. सतरा वर्षांच्या पोराला शिकवायचं म्हणजे नवी सवय लावायची. पन्नाशीच्या माणसाला शिकवायचं तर आधी जुनी सोडवावी लागते, आणि ज्यानं लावली त्यानं बाजूला बसून सोडवली तर ती लवकर सुटते. मी एकतीस वर्षं शिकवलं आहे, मला हे कळत नव्हतं असं नाही.

एक वाक्य पुरलं असतं. रहेमान, हात आवर. दोन दिवस होते हातात. पण मी परीक्षक होतो ना. परीक्षकानं उमेदवाराला सांगू नये. मी चहा पिऊन, मूग गिळून घरी आलो.

परीक्षेच्या दिवशी लोहाऱ्याला केंद्राच्या मागच्या मोकळ्या जागेत पॅनल उभे केले होते, खाली कंट्रोलरची पेटी, टाकीत पंप. टेबलावर मीटर आणि हातमोजे मांडलेले. पंप मुद्दाम बंद पाडायचा आणि उमेदवारानं दोष शोधून चालू करून दाखवायचा. अकरा जण होते. काही पोरांना दोष सापडलाच नाही. रहेमान नवव्या नंबरला आला. धुतलेला पांढरा शर्ट, वार्निशनं कायमची पिवळी झालेली बोटं. मला त्यानं नमस्कार केला, सलाम नाही, इतरांनी केला तसा नमस्कार. ओळख दाखवली नाही.

टाकीजवळ वाकून त्यानं नुसतं ऐकलं. वायर पाहिली. पॅनलच्या बाजूचा स्विच पाडला. पेटीकडे आला. मी मनात म्हणत होतो, टेबलाकडे पाहा, रहेमान, टेबलाकडे पाहा. त्याचा हात पुढे आला, पालथा झाला आणि पेटीच्या अंगाला लागला.

झालं काहीच नाही. पेटी ठीक होती. मग त्यानं हातमोजे घातले, मीटर लावलं आणि चार मिनिटांत दोष काढला. सगळ्या अकरा जणांत सगळ्यात लवकर. पंपानं पाणी फेकलं तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि तो चेहरा मला अजून दिसतो.

कागदावर चौदा मुद्दे होते. तेरा मुद्द्यांत मी त्याला पूर्ण गुण दिले. चौदावा सुरक्षेचा. त्यात चुकला तर बाकी सगळं असून नापास, असा नियम, आणि नियम बरोबर आहे. त्या नियमानं माणसं वाचतात. मी तिथं फुली मारली. हे चुकलं असं मी आजही म्हणणार नाही.

चूक पुढे आहे. खाली शेऱ्याचा रकाना होता. उमेदवाराला पुन्हा संधी द्यावी असं वाटत असल्यास परीक्षकानं कारण लिहून द्यावं, तीस दिवसांच्या आत. मी पेन टेकवलं. कारण काय लिहिणार? जुनी सवय, सुटू शकते. बरं, सुटू शकते हे तुम्हाला कसं ठाऊक? तर ती मीच लावली. म्हणजे फोनवर मी खोटं बोललो ते उघडं. एकतीस वर्षांत अर्धा मार्क न देणारे श्रीकृष्ण सर ओळखीच्या माणसाचे परीक्षक होऊन बसले, हे त्या पंचवीस वर्षांच्या पोरीसमोर उघडं. मी रकाना कोरा ठेवला आणि सही केली.

परत येताना आम्ही एकाच एसटीत होतो. यवतमाळच्या स्टँडवर त्यानं माझ्यासाठी जागा धरली होती. बस सुटल्यावर म्हणाला, "सर, मॅडमनं सांगतलं मले. कुठी चुकलो मी?"

"हात लावलास," मी म्हणालो.

त्यानं आपला उजवा हात मांडीवर घेतला आणि उलटसुलट करून पाहिला. "हो. लागला," म्हणाला. मी वाट पाहत होतो की आता तो म्हणेल, तुम्हीच तर शिकवलं. म्हणाला असता तर मी भडकलो असतो, आमचं भांडण झालं असतं आणि त्या रागात कदाचित मी शेरा लिहूनही टाकला असता. तो नाही म्हणाला. त्यानं फुटाण्यांची पुडी काढली, अर्धे फुटाणे माझ्या हातावर ओतले, आणि आर्णी येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिला.

घरी मी रत्नप्रभेला सगळं सांगितलं, म्हणजे नियमाचा भाग सांगितला. तिनं भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण पालथा हात तर तुम्हीच शिकवला होता ना त्याला? जीव वाचवला म्हणून सांगत होतात." मी तिच्यावर ओरडलो. ती उठून आत गेली.

ते तीस दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. रोज कागद घ्यायचो. कधी कारण गोलमोल लिहायचो, मग वाटायचं हे गोलमोल कोणीही ओळखेल. कधी खरं लिहायचो आणि फाडायचो. तो आपण होऊन विनंती करायला येईल, असंही वाटायचं. आला असता तर त्याच्यावर उपकार केल्यासारखं लिहिता आलं असतं. तो आला नाही. शेवटी चौतिसाव्या दिवशी मी अनघा मॅडमला फोन लावला.

"सर, मुदत संपली," ती म्हणाली. "आणि आर्णीसाठी कंपनीनं पुसदकडचा एक मुलगा घेतलाय. मी रहेमानभाईंना म्हटलं होतं, सरांना एकदा विनंती करून बघा. ते म्हणाले, सरांना काय लिहायचं ते समजतं."

पुढची बॅच निघाली नाही. रहेमाननं अजून वर्षभर दुकान उघडं ठेवलं. पंखे, कूलर, एखादा मिक्सर. पुसदचा मुलगा कंपनीची बॅग पाठीला लावून त्याच्या दुकानावरून जायचा. चांगला मुलगा आहे, एकदा अडलं तेव्हा तो रहेमानलाच मोटारीचं विचारायला आला होता, आणि यानं सांगितलं. नंतर एक दिवस जोहराबी आमच्या दारात. मी सत्त्याण्णव साली वाचायला दिलेलं वायरिंगचं पुस्तक तिनं वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं होतं. "भाईसाब, हम लोग बोरी जा रहे. ये आपका था," म्हणाली. रत्नप्रभेनं तिला चहाला थांबवलं. मी आतल्या खोलीत बसून राहिलो, बाहेर आलो नाही.

दोन वर्षं मी बोरीला गेलो नाही. या जानेवारीत गेलो. रत्नप्रभाच म्हणाली, "जाऊन या एकदा. मला तुमचा हा चेहरा पाहवत नाही."

बाजारपेठेतच त्याच्या चुलतभावाचं गादीघर आहे. रहेमान तिथं पिंजायच्या मशीनवर काम करतो. भुवयांवर, पापण्यांवर कापूस बसलेला, तोंडाला फडकं बांधलेलं, खोकला लागलेला. पिवळी बोटं आता पांढरी. मला पाहून त्यानं मशीन बंद केलं, फडकं सोडलं, आणि एकदम पूर्वीसारखा हसला. "सर! या ना, बसा. अरे, कोणी चाय सांगा रे."

चहा आला. मशीनच्या मोटारीत करंट उतरतो का ते पाहायला तो उठला. मी त्याच्या हाताकडे पाहत होतो. हात पुढे गेला, थांबला, आणि खिशातून टेस्टर निघाला.

"सुटली पाहा सवय," तो म्हणाला. "त्या दिवसापासून एकदाही नाही लागला हात."

तेव्हा मी बोललो. तयारी करून आलो होतो, पण सगळं विसरलो आणि कसंबसं बोललो. "रहेमान, ती सवय मी लावली होती तुला. आणि मॅडमनं फोन केला तेव्हा मी म्हटलं की मी तुला शिकवलंच नाही. म्हणून नंतर मला काही लिहिता आलं नाही. तुझं काम माझ्यामुळे गेलं."

तो टेस्टर खिशात ठेवून माझ्यासमोर बसला. जराही दचकला नाही.

"मले मालूम आहे, सर. मॅडमनं फोन लावला तवा मी तिच्या टेबलापाशीच उभा होतो. फॉर्मवर सही राह्यली होती माझी. फोन टेबलावर ठेवूनच बोलून राह्यली होती ती. सारं ऐकलं मी."

मला चहाचा पेला खाली ठेवावा लागला. म्हणजे परीक्षेला येण्याआधी, दुकानात मी चहा पिऊन गेलो त्याच्याही आधी, त्याला माहीत होतं.

"मंग काही बोलला नाहीस तू मला?"

"कायले बोलू?" त्यानं पापणीवरचा कापूस बोटानं काढला. "मले वाटलं, सर माझ्याचसाठी खोटं बोलून राह्यले. सांभाळून घ्यासाठी परीक्षक झाले. म्हून तर मी तिथी ओळखसुद्धा नाही दाखवली, तुमच्यावर बालंट नको म्हून. घरी जोहराबीले सांगतलं, आता फिकीर नाही, तिथी आपले सर आहेत."

मागं गिऱ्हाईक दोन उशा घेऊन उभं होतं. तो उठला, तोंडाला फडकं बांधलं, आणि मशीन सुरू करण्याआधी मला म्हणाला, "सर, तुम्ही जरा बाहेर बसा. कापूस उडते."

मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. त्याच ओट्यावर त्याचा बाप बसायचा का, हे मी विचारलं नाही.